जुन्या मोटारीचे पाणी जोखताना

मध्यमवर्गीय कुटुंबात जुनी मोटार विकत घेण्याचा दिवस हा एखाद्या लहानशा मंगलकार्यासारखा असतो. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम, पतपेढीचे कर्ज आणि वर्षानुवर्षे बाजूला टाकलेली बचत यांची मोट बांधून शाळेतील शिक्षक वा कचेरीतील कारकून दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी पाहावयास जातो. दारे उघडून-मिटून पाहिली जातात, आसनांवरून हात फिरविला जातो, मीटरवरील किलोमीटर वाचले जातात, आर. सी. बुकातील नावे ताडली जातात. रंगाची चकाकी पाहून मुले हरखतात, सौदा ठरतो आणि नारळ फुटतो. या सर्व सोहळ्यात बॉनेट उघडून रेडिएटरमधील पाणी कोणत्या रंगाचे आहे, हे पाहणारा गृहस्थ मात्र विरळाच. पुढे भर मे महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा तांबड्या रेषेला टेकतो, बॉनेटखालून वाफ येऊ लागते आणि गॅरेजवाला ‘इंजिनचे काम निघाले’ असा निकाल देतो. तेव्हा कोठे उमगते, की जे पाहावयाचे राहून गेले तेच सर्वांत महत्त्वाचे होते.

रंग नव्याने देता येतो, आसनांची खोळ बदलता येते. मीटरवरील आकडे मागे फिरविण्याची विद्याही बाजारात अवगत आहे. परंतु इंजिनाच्या आतून अहोरात्र फिरणारे शीतक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले कूलंट, हे त्या गाडीच्या मागील आयुष्याचे साक्षीदार असते. मालकाने तिची निगा राखली की केवळ तिला राबविले, याची नोंद त्यात उमटलेली असते. ही साक्ष काढण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. सकाळची वेळ, थंड इंजिन, एक विजेरी आणि थोडा धीर एवढेच साहित्य पुरते.

कूलंट म्हणजे रंग टाकलेले पाणी, असा समज आपल्याकडे दृढ आहे. वस्तुतः इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारणपणे एक-तृतीयांश भाग या द्रवाला वाहून न्यावा लागतो. त्यात बहुधा निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असते. त्यामुळे द्रव गोठत नाही, तसेच त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. ‘आपल्याकडे बर्फ कोठे पडते, मग हे हवे कशाला?’ हा युक्तिवाद येथेच फसतो. थंडीपेक्षाही महत्त्वाची असतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये. अनेक इंजिनांचा ठोकळा बिडाचा आणि डोके ॲल्युमिनियमचे असते. दोन भिन्न धातू पाण्यात शेजारी-शेजारी आले, की झीज ठरलेली. ती रोखणारी द्रव्ये काही वर्षांत खर्ची पडतात. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे, तर नव्या सेंद्रिय आम्लयुक्त प्रकाराचे पाच वर्षांच्या आसपास धरले जाते. मुदत उलटली तरी द्रव दिसावयास तसाच राहतो, परंतु त्याचे रक्षणाचे सामर्थ्य संपलेले असते.

त्यातच भर पडते ती आपल्या सवयीची. पातळी उतरली की नळाचे, नाही तर बोअरचे पाणी ओतावयाचे. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. न्हाणीघरातील हीटरच्या कॉइलवर जे पांढरे पुट चढते, तेच रेडिएटरच्या सुईसारख्या बारीक नळ्यांतही चढते. मग नळ्या अरुंद होतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि इंजिन तापू लागते. डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन वाचविण्यापायी इंजिनाचा बळी द्यावा, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाही.

आता साक्ष कशी वाचावयाची ते पाहू. स्वच्छ आणि पारदर्शक द्रव, मग तो हिरवा असो, गुलाबी असो वा निळा, हे समाधानाचे लक्षण होय. मात्र रंगावरून प्रकार ठरविता येत नाही, कारण रंगांचे सर्वमान्य प्रमाण नाही. दोन न जुळणारे प्रकार एकत्र झाले तर गढूळ गाळ वा चिकट रबडी तयार होते. विटकरी वा चहासारखा रंग म्हणजे आतील लोखंड गंजत आहे. पांढरी भुकटी वा खपल्या म्हणजे जड पाण्याचे क्षार. पृष्ठभागावर तेलाचा तवंग वा दुधाळ कॉफीसारखा दाट द्रव दिसला, तर तेथे थांबावे. कारण ज्या दोन द्रवांनी कधी भेटू नये, ते तेल आणि पाणी कोठे तरी भेटले आहेत. हेड गॅस्केट फुटले असेल, ऑइल कूलर गळत असेल किंवा इंजिनालाच तडा गेला असेल. स्वयंचलित गिअरच्या अनेक गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरमधूनच थंड होऊन जाते. तेथील गळतीनेही असाच गुलाबीसर दुधाळ द्रव बनतो.

पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उकळते पाणी तोंडावर उसळते. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचेच परीक्षण करावे आणि ‘आधीच गरम करून ठेवली आहे’ असे विक्रेता अगत्याने सांगू लागला तर दुसऱ्या दिवशी यावे. रेडिएटरचे झाकण काढून (काही गाड्यांत ते केवळ प्लॅस्टिकच्या टाकीवर असते) द्रव विजेरीने पाहावा. डिपस्टिक ओढून तेल दुधाळ आहे काय ते पाहावे. तेलाच्या झाकणाखाली किंचित पिवळसर फेस असला म्हणून लगेच घाबरू नये. थंडीच्या दिवसांत केवळ थोडे-थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत वाफ साचूनही तो होतो. नंतर इंजिन सुरू करावे. काही मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला आणि टाकीत बुडबुडे येतच राहिले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असल्याचा संशय घ्यावा. नुकतेच कूलंट भरले असल्यास अडकलेली हवाही बुडबुडे देते, परंतु ते थोड्या वेळात थांबतात. शंका उरलीच तर गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून चाचणी होते. ज्वलनवायू असेल तर निळा द्रव पिवळा पडतो.

कोणी म्हणेल, विकणारा काय इतका भोळा आहे? आदल्या दिवशी जुने पाणी काढून नवे भरले की साक्षीदारच बदलला! आक्षेप खरा आहे. म्हणूनच पंधरा वर्षांच्या गाडीत कालच भरल्यासारखे झगझगीत कूलंट दिसले, तर आनंदाबरोबर एक प्रश्नही विचारावा: हे केव्हा बदलले, का बदलले आणि त्याची पावती कोठे आहे? पाणी बदलता येते, परंतु झाकणाच्या रबराखालचा लेप, टाकीच्या मानेवरचा तांबूस पट्टा आणि होज पाइपच्या तोंडाशी साचलेला थर सहसा पुसला जात नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अज्ञानी ग्राहक एकदा नव्हे, दोनदा नाडला जातो: प्रथम दोष लपविणाऱ्याकडून आणि नंतर दोष फुगविणाऱ्याकडून. तांबूस पाणी दिसताच ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगणारे महाभागही गॅरेजांत आहेत. प्रत्यक्षात केवळ गंज असेल तर यंत्रणा धुणे, थर्मोस्टॅट, झाकण आणि होज पाइप बदलणे, फार तर रेडिएटर नवा बसविणे एवढ्यावर भागू शकते. गॅस्केट गेले असेल तर डोके उतरवून त्याची सपाटी तपासावी लागते. ठोकळ्याला तडा असेल तरच इंजिन बदलण्याची भाषा समर्थनीय ठरते. या तीन खर्चांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते ओळखणे म्हणजेच निदान. काढलेले कूलंट गटारात ओतू नये, हेही ओघाने आलेच. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. रस्त्यावरचे कुत्रे ते चाटते आणि प्राणास मुकते.

कायदा येथे कितपत साह्य करतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र ग्राहकाने सावध असावे हेच आहे. धंदा म्हणून विकणाऱ्यावर काही गर्भित जबाबदाऱ्या येतात खऱ्या. परंतु ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसावयास हवे होते त्या दोषाबद्दल त्याला या तरतुदीचा आधार राहत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार केवळ मौन हे सामान्यतः कपट ठरत नाही, मात्र ज्ञात दोष कृतीने झाकणे हे कपटच होय. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र आवश्यक झाले. हे स्वागतार्हच आहे. तथापि त्या नियमांचा रोख मालकी, कागदपत्रे आणि गाडीच्या ताब्याची जबाबदारी यांवर आहे, यंत्राच्या प्रकृतीवर नाही. प्रदूषणाचा दाखला धूर पाहतो. पाणी पाहत नाही.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही. अधिकारपत्रधारक विक्रेत्याने प्रत्येक गाडीबरोबर एक पानाचे स्वाक्षरीचे निवेदन द्यावे: कूलंट केव्हा बदलले, इंजिन कधी तापून बंद पडले होते काय, डोके कधी उतरविले होते काय. खाजगी सौद्यातही हे तीन प्रश्न लेखी विचारण्याची प्रथा पडावी. उत्तर खोटे ठरले तर तो कागदच पुरावा होईल; आणि उत्तर देण्याचे टाळले गेले, तर ते टाळणेही पुष्कळ काही सांगून जाईल. थंड इंजिन पाहू देण्यास नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नये, हा नियम तर कोणत्याही सरकारी अधिसूचनेवाचून उद्यापासून पाळता येईल.

ज्या घरात मोटार ही चैन नसून म्हाताऱ्या आईला इस्पितळात नेण्याची आणि वर्षातून एकदा गावी जाण्याची सोय आहे, त्या घराला इंजिनाचा एक खर्च म्हणजे मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे असू शकतात. अशा घराने गाडीचा रंग अवश्य पाहावा. परंतु पैसे मोजण्यापूर्वी तिचे पाणीही जोखावे.