वखारीतले लाकूड

वखार म्हटली की निपाणीकरांच्या डोळ्यांपुढे तंबाखूची पोती उभी राहतात. खानापूर-बेळगावकडील माणसाला मात्र लाकूड आठवते. आज आम्ही लिहीत आहो ते या दुसऱ्या वखारीविषयी, आणि त्यातही एकाच कुटुंबाने चालविलेल्या, गिऱ्हाइकाच्या मापाने लाकूड कापून देणाऱ्या वखारीविषयी.

दांडेलीच्या सरकारी आगारातील लिलावात सागाचा किंवा ऐनाचा (कानडीत मत्ती) ओंडका घेतला, तरी खरी परीक्षा करवतीपाशीच होते. सागाच्या आतला रंगीत भाग टिकाऊ, तर बाहेरचा पांढरा भाग वाळवीचे भक्ष्य. तो चौकटीत येऊ न देता ओंडक्यातून जास्तीत जास्त घनफूट काढणे, हे काम वडील मुलाला शेजारी उभे करूनच शिकवितात. शिवाय लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याच्या दिशेने आकसते. त्यामुळे फळी कोणत्या अंगाने काढली, यावर दार पावसाळ्यात अडकणार की नाही हे पुष्कळसे ठरते. तयार दारांच्या दुकानात हा प्रश्न कोणाला विचारावा?

जुने वाडे उतरविले की त्यांच्या तुळयाही येथेच येतात. आत लपलेला एखादा खिळा पात्याचे दात घालवितो. तरीही ओळखीखातर हे काम घेतले जाते, आणि आजोबांच्या माजघरातली तुळई नातवाच्या घरात खिडकी होऊन बसते.

डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीला आळा घातला, तेव्हा विनापरवाना गिरण्यांवर गदा आली. २००२ मध्ये नव्या गिरणीस केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अनुमतीची अट आली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून हा विचार राज्यस्तरीय समितीकडे आहे. घाटातले रान राखायचे तर हे हवेच होते. मात्र मुलाने पुण्यात नोकरी धरली आणि परवाना सोडून दिला, तर त्या जागी दुसरी वखार सहजासहजी उभी राहत नाही.

ज्यांना घर बांधावयाचे आहे, त्यांनी सुताराबरोबर स्वतः वखारीत जावे. इंचभर जाडीला एक वर्ष, हा वाळवणीचा जुना ठोकताळा. तीन इंची चौकटीसाठी तीन वर्षे कोण थांबणार, हे खरेच. पण पाया खणण्यापूर्वीच लाकूड कापून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवता येते.