समुद्राकडे पाठ केलेले घर

परवा पुतण्या मुंबईहून आला तो नकाशाची गुंडाळी घेऊनच. ओटीवर नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या (वारा फार!) आणि मला समजावू लागला. कौले उतरवायची, वर स्लॅब घालायचा. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा. पुढच्या खळ्यात पेव्हर ब्लॉक. विहिरीवर मोठा पंप. मागची उंडीची झाडे आणि केवड्याचे बन काढून टाकायचे, म्हणजे झोपाळ्यावर बसल्या बसल्या समुद्र दिसेल. "काकू, तुम्ही फक्त सही करा. एकदा केलं की पन्नास वर्षं बघायला नको!"

माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी. त्याच्या तोंडावर काही बोलले नाही, चहा-पोहे दिले. म्हणून इथे लिहिते आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात, वाळूपासून दोनशे पावलांवर. समुद्र इतका जवळ, पण घराची एकही मोठी खिडकी त्याच्याकडे उघडत नाही. तोंड पूर्वेला, गावातल्या पाखाडीकडे. पाठ समुद्राला, आणि मध्ये उंडी, केवडा, मग माड, मग पोफळी. आमच्या किनाऱ्यावरची बहुतेक जुनी घरे अशीच आहेत. बांधणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे नव्हे हो! समुद्र बघायचा तर संध्याकाळी पुळणीवर जावे. खाऱ्या वाऱ्याला घरात बोलावू नये, इतकेच त्यांना कळत होते. लाटांपासून लांब राहावे हे सरकारच्या कायद्यात यायला १९९१ उजाडले. त्या वर्षीच्या अधिसूचनेने गावांकडच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ती मर्यादा ५० मीटरवर आणली. असो.

आता स्लॅब. मी काही इंजिनिअर नाही, आयुष्यभर पोरांना मराठी आणि इतिहास शिकवला. पण डोळे आहेत. किनाऱ्यावरच्या स्लॅबात पोलादी सळ्या असतात, खारी हवा बारीकशा फटीतूनही त्यांच्यापर्यंत पोहोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. आमच्याच आळीत अशी तीन घरे दाखवते, या. छताखाली सळ्यांचे बरगडीसारखे सांगाडे दिसतात, आणि पन्नास वर्षे कसली, त्यातल्या एकाला अजून पंचविसावे लागायचे आहे.

भिंतीच्या बाबतीत तर गुन्हेगार मी स्वतःच आहे. १९९४ साली पगारवाढीची थकबाकी हातात आली आणि मी हौसेने न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करवून घेतला. काय गुळगुळीत दिसत होती! जांभ्याचा चिरा मुळात सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी पितो, दिवाळीनंतरच्या उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो, सिमेंटचा नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला फुगे आले, मग पांढरी बुरशीसारखी पूड (चाखून पाहिली, चक्क मीठ!), आणि शेवटी गिलावा पडला तो चिऱ्याची कातडी सोबत घेऊन. उरलेल्या तीन भिंती सासऱ्यांच्या वेळच्या चुन्यात आहेत, त्यांना काही झालेले नाही.

कोणी म्हणेल, म्हातारीला जुने ते सोने. मुळीच नाही. संडास घरात आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. आणि ही मंगलोरी कौले तरी कुठे आपल्या पूर्वजांची? १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनवाल्यांनी त्यांचा कारखाना काढला. त्याआधी आमच्याकडे कुंभाराचे नळे किंवा गवत. नवे आले, उपयोगी वाटले, घेतले. पण कौल फुटले तर एक कौल बदलता येते. स्लॅब गळला तर एक फूट स्लॅब बदलता येतो का?

पुतण्याचा हुकमी एक्का म्हणजे निसर्ग वादळ. ३ जून २०२०. "काकू, स्लॅबवाल्यांचं काही गेलं नाही, आणि तुमचं छप्पर उघडं पडलं." खरे आहे. मी त्या दुपारी माजघरात देवांसमोर बसून कौलांचे आवाज मोजत होते, मला कोणी आठवण करून द्यायला नको. पोफळी एकमेकींवर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. नव्या लावल्या, त्यांना धरायला सहा-सात वर्षे, तेवढी मी असेन-नसेन. पण छप्पर कुठे उघडे पडले ते त्याने पाहिले नाही. दक्षिणेची पडवी, जिच्यापुढची झाडे शेजारच्या प्लॉटवाल्याने "व्ह्यू"साठी आधीच तोडली होती, ती पार गेली. उंडीच्या आडोशाची बाजू चाळीसेक कौलांवर निभावली. तीच उंडी आता काढायची म्हणतो!

विहिरीचेही तेच. किनाऱ्यावर गोडे पाणी जमिनीत खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट त्याचा आधार असतो, म्हणजे वरचे फूटभर उपसले की खालून खारे तितके वर सरकते. रहाटाने कोणी इतके उपसत नसे. मोठ्या पंपाला ते तासा-दोन तासांचे काम. त्यात खळ्यावर ब्लॉक घातले की मुरणारा पाऊस गटारातून समुद्रात. मग माडाला काय, मिनरल वॉटरच्या बाटल्या घालायच्या?

वानरांचे काय, हा मात्र एक प्रश्न मला निरुत्तर करतो. ती कौलांवर नाचतात, दर वर्षी शे-दीडशे फोडतात, आणि वर चढायला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी ऐकून मलाच खाली बसावे लागते. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण "बघायला नको" असे घर पाहिजे असेल तर त्याने खुशाल मुंबईतला फ्लॅट बघावा. इथे दर मे महिन्यात कौले चाळावी लागतात, आळी कराव्या लागतात, विहीर उपसावी लागते. त्या निमित्ताने तरी माणसे घरी येतात. आमचे हे गेल्यापासून तेवढेच येणे उरले आहे.

नकाशा कपाटावर ठेवला आहे, सही केलेली नाही. चुना भिजत घातला आहे, न्हाणीघराची भिंत यंदा मूळपदावर आणायची. पुतण्याला फोन करून मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावले आहे. खाली शिडी धरायला माणूस लागतो.