गृहशास्त्र : घरचे सामान आणि एक विष

बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी त्या लेस्टरला मुलाकडे गेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कपाटात व्हॅनिला इसेन्सच्या शेजारी त्यांना ग्लिसरीनची एक मोठी बाटली दिसली, सोनाराजवळ असतो तसला एक चिमुकला काटा दिसला, आणि पिवळसर पाण्याने भरलेल्या तीन लहान कुप्या दिसल्या. त्यांवर नाव नाही, गाव नाही. विचारता मुलगा म्हणाला, "आई, सिगारेट सुटावी म्हणून व्हेप ओढतो. त्याचे द्रावण घरीच करतो. सगळे घरचेच सामान आहे, तू काळजी करू नकोस." पण मोठा नातू दोन वर्षांचा, हाती लागेल ते तोंडात घालणारा. 'हे सामान खरोखरच घरचे म्हणावे काय?' असा त्यांचा प्रश्न आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले इंग्लंड-अमेरिकेत संसार थाटून आहेत. म्हणून उत्तर खासगी पत्राने न देता येथेच देतो.

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. तिच्यातील विजेची तार तापते, द्रावणाची वाफ होते व ती वाफ ओढली जाते. द्रावणात चार पदार्थ असतात : ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि निकोटिन. पहिले तीन पदार्थ मिठाई, औषधे, सौंदर्यप्रसाधने यांत नित्य वापरले जातात, त्यामुळे चिरंजीवांचे म्हणणे बारा आणे खरे आहे. सगळी काळजी उरलेल्या चार आण्यांची! सिगारेट ओढणाऱ्याने ती टाकून व्हेप घेतली तर अपाय कमी होतो असे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे मत आहे. मात्र जो धूम्रपान करीतच नाही त्याने आणि मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये, हेही तीच सेवा सांगते. आमच्या मते द्रावण घरी करण्यापेक्षा तयार, मोहोरबंद घेणे केव्हाही बरे. पण मोठ्या झालेल्या मुलाला हे पटतेच असे नाही. तेव्हा करायचेच तर कसे, हे आईलाही ठाऊक असलेले बरे.

निपाणी भागातील किंवा चरोतरातील वाचकांना तंबाखूच्या पानाची ओळख करून द्यायला नको. दवाने ओले झालेले पान दिवसभर हाताळले, की मजुराला मळमळते, डोके फिरते, उलट्या होतात. पान तोंडात न घालताही हे घडते, कारण ओल्या पानातील निकोटिन कातडीवाटे अंगात शिरते. तंबाखूच्या पाण्याची फवारणी करून किडी मारण्याची रीतही जुनीच. बाटलीतले निकोटिन ते हेच, फक्त पानातून काढून शुद्ध केलेले. प्रौढ माणसाला ६० मिलिग्रॅम निकोटिन प्राणघातक ठरते, असे पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. या आकड्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील काही धाडसी स्वप्रयोगांत आहे. ग्राझचे औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी तो तपासून, प्राणघातक मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या वर असावी, असे २०१४ साली दाखवून दिले. प्रौढांपुरता हा दिलासा ठीक आहे. दहा-बारा किलोच्या बालकाला त्याचा काडीचाही आधार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असले द्रावण पोटात जाऊन दगावले, आणि पुढे निकोटिनच्या बाटलीला मुलांना न उघडणारे झाकण हवेच, असा कायदा तेथे झाला.

आता मापाकडे वळू. लेबलवर कोठे शेकडा प्रमाण असते, कोठे मिलिलिटरमागे मिलिग्रॅम. २ टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये दुकानातून ग्राहकाला याहून तीव्र द्रावण आणि १० मिलिलिटरहून मोठी निकोटिनची बाटली विकता येत नाही. हा नियम २०१६ पासूनचा आहे. अमेरिकेत मात्र घरी मिसळणाऱ्यांसाठी १०० मिलिग्रॅमची बाटलीही मिळते. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. ब्रिटनच्या बाटलीतला चमचाभर द्रव १०० मिलिग्रॅम निकोटिनचा, तर अमेरिकेच्या बाटलीतला ५०० मिलिग्रॅमचा! दोन्ही दिसायला सारखेच पाणी. मुलगा एका देशातून दुसऱ्या देशात नोकरीस गेला आणि जुन्याच हिशेबाने थेंब मोजू लागला, तर काय होईल ते सांगणे नलगे.

थेंबांवर तर मुळीच विसंबू नये. पाण्याचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर हा ढोबळ हिशेब आहे. थेंब द्रवागणिक आणि नळीच्या तोंडागणिक लहानमोठा होतो. ग्लिसरीन मापाच्या नळीत ओतले तर पाकासारखे काठाला चिकटून राहते, मोजले एक आणि पडले दुसरेच. यावर उपाय आपल्याकडे फार जुना आहे. सोनार सोने मापट्याने मोजत नाही. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असे तोलतो. एक गुंज म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. आजचा खिशात मावणारा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, म्हणजे गुंजेचा बारावा भाग! लेस्टरच्या कपाटात काटा होता, ही त्या पत्रातील सर्वांत समाधानाची गोष्ट आम्हांला वाटली.

वजनाने मोजताना इतकेच ध्यानात ठेवावे, की एक मिलिलिटर ग्लिसरीन १.२६ ग्रॅम भरते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल १.०४ ग्रॅम. समजा, ६० मिलिलिटर द्रावण करायचे आहे, त्यात मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिन हवे, आणि जवळची बाटली प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये केलेली, १८ मिलिग्रॅमची आहे. एकूण निकोटिन लागेल १८० मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाटलीतले १० मिलिलिटर, वजनाने १०.४ ग्रॅम. सुगंध ६ मिलिलिटर म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, निव्वळ प्रॉपिलीन ग्लायकॉल २ मिलिलिटर म्हणजे २.१ ग्रॅम, आणि ग्लिसरीन ४२ मिलिलिटर म्हणजे ५३ ग्रॅम. रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, एकेक जिन्नस घालावा, दर वेळी पुन्हा शून्य करावे. हिशेब आधी कागदावर मांडावा आणि घातलेल्या जिनसापुढे खूण करावी. मध्येच फोन वाजला की निकोटिन घातले की नाही याची आठवण राहत नाही. हातांत रबरी मोजे, खाली जुने वर्तमानपत्र, खिडकी उघडी, आणि मुले घरात जागी नसताना. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला लावू नयेत. बाळाच्या औषधाचे माप तर चुकूनही वापरू नये.

ग्लिसरीन घेताना ते औषधी दर्जाचे आहे असे लेबलवर छापलेले पाहावे. हा नुसता चोखंदळपणा नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन पोटात गेल्याने चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. हे विष ग्लिसरीनसारखेच घट्ट, रंगहीन आणि गोडसर. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना २०२५ ची छिंदवाड्याची बातमी आठवत असेल. तेथे खोकल्याच्या ज्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली, त्यात हेच सापडले. स्वस्त म्हणून घेतलेला, दर्जा न लिहिलेला डबा घरात आणूच नये.

सुगंधाच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. खाण्यास चालते ते ओढण्यासही चालेल, असे समजून काहीजण केकचे इसेन्स व्हेपमध्ये घालतात. जठर आणि फुफ्फुस यांचा धर्म वेगळा आहे. लोण्याचा वास देणारा डायअ‍ॅसिटिल हा पदार्थ खाण्यात वापरला जातो. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातील मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात ज्या कामगारांच्या श्वासात तो रोज गेला, त्यांची फुफ्फुसे कायमची जायबंदी झालेली २००० साली आढळली. तेलात केलेला अर्क तर सर्वस्वी वर्ज्य. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसविकाराची साथ आली; २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातील मुख्य संशयित 'ई' जीवनसत्त्वाचा एक तेलकट प्रकार होता, आणि तो प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या द्रावणांत मिसळलेला होता. निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, अत्तर, असले 'आपले' प्रयोगही करू नयेत.

मिसळलेले द्रावण लोणच्यासारखे काही दिवस मुरवत ठेवतात. धोका सर्वांत मोठा तो या दिवसांत, कारण बाटली अर्धवट विसरलेली आणि कोठेतरी ठेवलेली असते. निकोटिन उजेडाने व हवेने तांबूस होते. गडद रंगाची काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. ग्लिसरीन हवेतील ओल शोषते, त्याचेही झाकण सैल ठेवू नये. जागा स्वयंपाकघर नव्हे, औषधांचे कपाटही नव्हे. शीतपेटीतही ठेवू नये. १० मिलिलिटरच्या मोहोरबंद बाटलीला तिची गरजच नसते. उंचावरील कुलपाचा डबा हीच जागा. रिकामी बाटली टाकायची नाही हा आपल्या संसाराचा जुना नेम आहे, आणि तो एरवी उत्तमच. पण सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या किंवा गंगाजलाच्या बाटलीत हे द्रावण कदापि भरू नये. लेबलवर पदार्थ, मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम, आणि तारीख लिहावी. त्याखाली ठळक देवनागरीत 'विष' असे लिहायला मुलाला जरूर सांगावे. दुपारी घरी बाळाजवळ असते ती आजी. तिथली अक्षरे तिला लागत असतील असे धरून चालू नये.

एवढे करूनही मुलाच्या तोंडात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा आपला घरगुती उपाय करू नये. त्यात द्रव फुफ्फुसात जाण्याची भीती असते. तोंड पुसून घ्यावे, कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवावे, आणि लागलीच ब्रिटनमध्ये ९९९ वर, अमेरिकेत मूल शुद्धीवर असेल तर १-८००-२२२-१२२२ या विषमाहिती केंद्राच्या क्रमांकावर, नाहीतर ९११ वर फोन करावा. फिकटपणा, लाळ, घाम, उलट्या, थरथर ही लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात. ती दिसेपर्यंत वाट पाहू नये. बाटली बरोबर न्यावी, म्हणजे तीव्रता डॉक्टरांना वाचता येईल. लेबलचा खरा उपयोग तेव्हा कळतो.

राहता राहिला स्वदेशाचा प्रश्न. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आहे, मग तीत निकोटिन असो वा नसो. सुटा भागही त्यात येतो. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिवाळीला मुलगा येणार असेल, तर यंत्र व कुप्या तिकडेच ठेवून यायला त्याला सामान भरण्यापूर्वी कळवावे.