किती वर्षं वाजवताय?

बँकेत मी सीनिऑरिटीपुढे निमूटपणे मान तुकवतो. पंख्याखालची खुर्ची कोणाला, मे महिन्यातली रजा कोणाला, तपासणीसाहेब यायच्या दिवशी आजारी पडण्याचा पहिला मान कोणाचा, हे सगळं नोकरीच्या वर्षांवर ठरतं. तसं ते ठरतं म्हणूनच आमच्या शाखेत अजून हाणामारी झालेली नाही. तेव्हा ज्येष्ठतेशी माझं वैर आहे, असा गैरसमज कृपया कोणी करून घेऊ नये.

माझं भांडण आहे ते बांबूपुरतं. बांबूला सीनिऑरिटी लिस्ट वाचता येत नाही.

मी बासरी वाजवतो. (या वाक्यातलं क्रियापद आमच्या शेजाऱ्यांना मान्य नाही.) चांगली एकवीस वर्षं वाजवतो. बघा, आलंच की नाही ते वाक्य! ज्या वाक्याविरुद्ध लिहायला बसलो, तेच पहिल्या पानावर माझ्याच लेखणीतून सांडलं. हा रोग किती खोल गेलेला आहे, याची यावरून कल्पना यावी.

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ हौशी बासरीवाले एका शाळेच्या रिकाम्या वर्गात जमतो. तिथे कोणाला नावानं ओळखायची गरजच पडत नाही, कारण प्रत्येकजण तोंड उघडताच आपला आकडा सांगतो. "मी बत्तीस वर्षं वाजवतोय, मला विचारा." हे झाले बत्तीस. "सव्वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो." हे सव्वीस. मी एकवीस. आमच्यात एक साडेअठरा आहेत. त्या अर्ध्या वर्षाचा ते आग्रहानं उल्लेख करतात. आणि शेवटच्या बाकावर एका औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा बसतो. त्याला शिकायला लागून चारच महिने झालेत. त्यामुळे तो बिचारा बोलत नाही. त्याच्याजवळ बोलण्यापुरता आकडाच नाही.

आता गंमत अशी, की आकडे सगळ्यांचे भक्कम. पण सल्ल्यांचा ताळेबंद काही केल्या जुळत नाही. बत्तीस म्हणतात, फुंकताना ओठ हसल्यासारखे ताणावेत. सव्वीस म्हणतात, ताणले की संपलं, ओठ सैल हवेत. बत्तिसांच्या मते बासरीला आठवड्यातून एकदा तेल पाजावं. साडेअठरांच्या मते तेल हे खोबऱ्याच्या वडीला लावावं, बासरीला लावू नये. एकजण सांगतो, सहा महिने नुसता सा लावावा. दुसरा सांगतो, पहिल्याच दिवशी एखादं गाणं वाजवायला घ्यावं, नाहीतर माणूस पळून जातो. ही मतं असायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुराव्याला. प्रत्येकाचा पुरावा एकच: 'इतकी वर्षं!' व्हाउचर दाखवा म्हटलं तर हे आपलं हजेरीपुस्तक दाखवतात.

हे सगळं विनोदी म्हणून सोडून देता आलं असतं. मीही एकवीस वर्षं सोडूनच देत आलो. पण मध्यंतरी आमच्याच इमारतीतली, चौथ्या मजल्यावरची एक मुलगी बासरी शिकायला आली.

आठवीतली पोर. वडिलांनी कोणाला तरी विचारून बासरी आणलेली. तो कोणीतरी म्हणजे आमचे बत्तीस. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, घ्यायची तर पांढरी तीनचीच, मैफलीची लांब बासरी. लहान बासरी म्हणजे खेळणं. पांढरी तीनची बासरी जवळजवळ अडीच फूट लांब असते. तिची भोकं इतकी दूर दूर, की मोठ्या माणसाचीही बोटं सुरुवातीला कुरकुरतात. त्या पोरीच्या हातात ती बासरी बघून मला घराचं जाळं काढायला निघालेल्या लहान मुलाची आठवण झाली.

पहिल्या रविवारी तिनं फुंकलं. फूऽऽ. नुसती हवा. बत्तीस म्हणाले, ओठ ताण. ताणले. फूऽऽ. सव्वीस म्हणाले, सैल सोड. सोडले. फूऽऽ. साडेअठरा म्हणाले, पोटातून हवा सोड. तिनं इतकी सोडली, की तिला चक्कर आली आणि बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. मग मी घसा खाकरला आणि एकवीस वर्षांचं सार एका वाक्यात सांगितलं: "रियाज वाढव."

तिनं वाढवला. चौथ्या मजल्यावरून ते फूऽऽ दोन महिने खाली येत होतं. रोज संध्याकाळी, नेमानं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, पोरगी चिकाटीची आहे हं! पण वर जाऊन तिची बासरी एकदा हातात घ्यावी, हे काही मला सुचलं नाही. सल्ला देऊन झाल्यावर माणसाचं काम संपतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

दोन महिन्यांनी ती जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, माझे ओठ बासरीचे नाहीत का हो?"

"कोण म्हणालं असं?"

"ते काका म्हणाले. बत्तीस वर्षं वाजवतात ते. म्हणाले, काहींचे असतात, काहींचे नसतात." मग खाली बघत म्हणाली, "बाबांनी पैसे भरलेत ना, म्हणून वाईट वाटतं."

तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या ओठांबद्दल शंका यावी आणि बापाच्या पैशांचं ओझं वाटावं, एवढं नुकसान आम्ही चौघांनी मिळून केलं होतं. चौघांची वर्षं मोजलीत तर साडेसत्त्याण्णव भरतात. म्हणजे जवळजवळ एक शतक तिच्याभोवती कोंडाळं करून उभं होतं आणि एकालाही काही दिसलं नव्हतं.

दिसलं ते चार महिन्यांना. पुढच्या रविवारी ती बासरी परत द्यायला म्हणून आली, तेव्हा औषधाच्या दुकानातला तो मुलगा शेवटच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "बघू जरा." त्यानं ती बासरी हातात घेतली. (वाचकहो, या वाक्याखाली मनातल्या मनात रेघ ओढा. दोन महिन्यांत हे प्रथमच घडत होतं.) रुमालानं पुसली आणि स्वतः फुंकली. फूऽऽ! मग त्यानं ती उजेडाकडे धरून हळूहळू फिरवली. फुंकायच्या भोकापासून निघालेली केसासारखी एक चीर होती, लांबवर गेलेली. त्यानं तिच्यावर चिकटपट्टी लावली, पुन्हा फुंकलं आणि वर्गात स्वच्छ, गोल सा उमटला.

"माझीपण अशीच तडकली होती मे महिन्यात," तो म्हणाला. "स्कूटरच्या डिकीत राहिली उन्हात. मला वाटलं, माझंच चुकतंय."

हे म्हणून त्यानं आपली दीड फुटाची, पांढरी एकची लहान बासरी तिच्या हातात दिली. तिची बोटं भोकांवर नीट बसली. तिसऱ्या फुंकेला सा लागला. त्या पोरीचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा माझा एकवीस वर्षांत एकदाही झालेला नाही.

वर्गात शांतता पसरली. मग बत्तीस म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

त्या दिवसापासून मी या विषयावर विचार करतोय आणि कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे तो हिशेबाच्या अंगानंच होतो. वर्षं साठली म्हणजे अनुभव साठला, असं नसतं. एकच वर्ष एकवीस वेळा रिन्यू केलं तर मुद्दल तेवढंच राहतं. व्याज कुठून येणार? आमच्याकडे बचत खात्यात दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. केवायसीची कागदपत्रं पुन्हा पुन्हा मागतात. जास्त जोखमीच्या खात्याला दर दोन वर्षांनी, मध्यमला आठ, कमी जोखमीला दहा. अनुभवाला असं काही नाही. १९९० साली उघडलेल्या खात्यावर माणूस आज खुशाल चेक फाडतो आणि आपण ते वटवतो! बत्तिसांचं खातं कोणत्या जोखमीत मोडतं, हे मी इथे सांगत नाही.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. एकदा सूर लागायला लागला, की तो लागत नव्हता तेव्हा काय होत होतं, हे माणूस विसरतो. माझे ओठ आज काय करतात, ते मला खरंच सांगता येत नाही. मग मी जे सांगतो तो अनुभव नसतो; ती नंतर रचलेली गोष्ट असते. त्या मुलाला चीर दिसली, कारण त्याची जखम ताजी होती. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: नवशिक्याला पहिला सल्ला द्यायचा अधिकार त्याच्यापेक्षा चार महिने पुढे असलेल्याचा. आमच्यासारख्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तर आधी बासरी हातात घ्यावी, मग तोंड उघडावं.

तुम्ही म्हणाल, मग काय अनुभवाला किंमतच नाही? आहे ना! पण ज्यांच्या वर्षांना खरी किंमत होती, त्यांनी ती कशी वापरली तेही बघा. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लांब बासरी घडवून शास्त्रीय मैफलीत आणून बसवली. आज आम्ही ज्या बासरीच्या जोरावर नवशिक्यांना धमकावतो, ती त्यांची देणगी. तेच पन्नालाल १९४७ साली, नाव झालेलं असताना, छत्तिसाव्या वर्षी उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. हरिप्रसाद चौरसिया १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत लागले, पुढे मुंबईत चित्रपटांतही वाजवू लागले. आणि मग अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेल्यावर त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. सारं पहिल्यापासून शिकायची तयारी आहे, हे गुरूला पटावं म्हणून. ही माणसं आपली वर्षं खर्ची घालून पुन्हा नवशिकी झाली. आम्ही मात्र पुन्हा नवशिकं व्हावं लागू नये म्हणून वर्षं मोजतो.

हे वाक्य सुचल्यावर मला फार बरं वाटलं. दोन दिवस मी ते ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी कॅशियरनं विचारलं, "मग तुम्ही बदलून बघितली का बाजू?"

उलटतपासणीत मी नेहमीच हरतो. त्या संध्याकाळी दार लावून बासरी दुसऱ्या बाजूला धरली. वरचा हात खाली, खालचा वर. फुंकलं.

फूऽऽ.

पुन्हा फुंकलं. फूऽऽ. ओठ ताणले, सैल सोडले, पोटातून हवा सोडली. एकवीस वर्षांनंतर माझ्या घरातून शुद्ध, निर्भेळ फूऽऽ येत होतं. चौथ्या फुंकेला डोकं गरगरलं आणि मी पलंगावर बसलो. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणाल्या, "कोणी नवीन शिकायला आलंय का?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. चौथ्या मजल्यावरची ती पोर होती, पांढरी एक हातात घेऊन. आवाज वरपर्यंत गेला असावा. माझ्याकडे बघून ती जरा घुटमळली. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, असा तिला प्रश्न पडला असणार.

"काका, रागावू नका हं. पण आरसा घेऊन बसा. ओठ भोकावर मधोमध येत नसतील. मलाही तसंच व्हायचं. आणि चक्कर आली की थांबायचं, जोर नाही करायचा."

"तुला किती वर्षं झाली गं?" मी विचारलं. सवय!

"साडेतीन महिने."

मी मुकाट्यानं आरसा आणला.