कर्करोगाविषयीचे दावे आणि पुराव्याचा प्रश्न

माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्नीच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगमुक्तीचे श्रेय प्रामुख्याने हळद, कडुनिंब व साखरवर्ज्य आहाराला दिले. ही चित्रफीत इंटरनेटवर पसरताच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढले. यांपैकी काही पदार्थांवर संशोधन सुरू असले, तरी कर्करोगावरील औषध म्हणून त्यांची शिफारस करण्याजोगा चिकित्सालयीन पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, ही बाब मात्र या गदारोळात झाकोळली. पुढे सिद्धू यांनीही डॉक्टरांचा सल्लाच सर्वोच्च असल्याचे सांगितले. प्रसिद्ध व्यक्तीचा अनुभव म्हणजे वैद्यकीय चाचणी नव्हे. त्यामुळे रुग्णाने आहाराबरोबर कोणते उपचार घेतले, हे न सांगणाऱ्या दाव्यावर विसंबून उपचार लांबवणे धोक्याचे आहे.