तिच्या जागी सोन्याची पेटी ठेवली तर?

समजा, उद्या कुणी करी रोडवर व्हिडीओ गेम काढला. स्टेशनचा गर्दीने कोंबलेला पूल, चाळीचे लाकडी जिने, जुन्या गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर. हीरो कसा असेल, हे तुम्ही आत्ताच सांगाल. आणि हिरॉइन? ती बहुतेक दुसऱ्याच मिनिटाला पळवली जाईल.

हा फॉर्म्युला आपल्यापेक्षा वयाने मोठा आहे. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये माकड एका बाईला उचलून वर चढतं आणि आपण पिंपं चुकवत तिच्यामागे. सुरुवातीला तिला धड नावही नव्हतं, नुसती 'लेडी'. १९८६च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा बाई निघतो. भारीच की! पण गेम झटपट संपवल्याचं बक्षीस काय, तर ती बिकिनीत दिसते. 'झेल्डा' ही मालिकाही १९८६चीच. नाव राजकन्येचं, पण मुख्य मालिकेत तिच्या हाती गोष्ट यायला २०२४ उजाडलं.

'गेमच तर आहे, एवढं काय?' असं म्हणणारे असतातच. मग ऑनलाइन खेळताना मुलाचं नाव घेणारी, माइक बंद ठेवणारी एखादी मैत्रीण तुमच्याही ग्रुपमध्ये असेल, तिला विचारा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला. सर्कशीत कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघते. म्हणजे इथे पळवला जातो मुलगा. पण एवढ्यावर गेम चांगला ठरत नाही. ती खांबाभोवती गिरक्या घेते, भिंतीवर धावते; तिची कसरत हीच तिची लढाई. कुणा हीरोची मिशी पुसून वेणी घातलेली नाही. राजीच्या जागी दुसरं कुणी चालणार नाही. उलट 'डाँकी काँग'मधल्या त्या लेडीच्या जागी सोन्याची पेटी ठेवा, काही बिघडत नाही.

करी रोडच्या गेमसाठी तर बायका शोधायला लांब जायलाच नको. १९७२मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या बायका रस्त्यावर उतरल्या. गिरणगावात घरच्या चुलीवर खानावळ चालवणाऱ्या बायकांनी संपात, गिरणी कामगारांचा पगार थांबलेला असतानाही, उधारीवर जेवण घातलं. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्यासोबत त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्या आवाक्यात आलं. आपल्या स्क्रिप्टमध्ये मात्र गिरणगाव म्हटलं की अजूनही आधी भाई आणि घोडाच येतो.

कॉलेजच्या गेम जॅमला बसाल तेव्हा तिचे केस आणि कपडे नंतर ठरवा. आधी पहिली लेव्हल लिहा. संप सुरू आहे. डब्यात तांदूळ थोडा, पंगतीला वीस कामगार. वाणी उधार देत नाही, सावकार दारात उभा. तिच्या हातात एक पळी आणि उधारीची वही. आज कुणाला वाढायचं?