सेवाज्येष्ठतेची दुही

नंदुरबार जिल्ह्यातून प्रवासी विमानसेवा नाही. मग वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेचा वाद अक्कलकुवा-धडगावच्या कार्यकर्त्याने का समजून घ्यावा? कारण मालक एक झाले आणि कामगार दुभंगले, तर काय घडते याचा तो बोलका धडा आहे.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स ही दोन सरकारी महामंडळे स्वतंत्रपणे चालली. वेतन, बढतीची गती, कामाचे नियम, सारे निराळे. २००७ साली सरकारने त्यांचे विलीनीकरण केले. मालमत्ता कागदोपत्री एक झाली; माणसांची ज्येष्ठता मात्र लोंबकळत राहिली. सहवैमानिक कमांडर केव्हा होणार, मोठे विमान कोणाच्या हाती येणार, हे त्या यादीतील क्रमांकावर ठरते. ज्याने उमेदीची वर्षे वाट पाहण्यात घालवली, त्याला तो क्रमांक क्षुल्लक कसा वाटावा?

व्हायचे तेच झाले. २०११ च्या एप्रिलमध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन ही पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्समधील वैमानिकांची संघटना समान वेतनासाठी संपावर गेली; तिची मान्यता काढून घेण्यात आली. न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो २०१२ च्या जानेवारीत. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियातील इंडियन पायलट्स गिल्डच्या वैमानिकांनी काम थांबवले. ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटास देऊ नये, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. संप ५८ दिवस चालला. सुमारे शंभर वैमानिक बडतर्फ झाले, गिल्डचीही मान्यता गेली. दोन संघटना, दोन संप, प्रहार मात्र एकाच हाताचा.

बढती हुकण्याची भीती खोटी नव्हती. पण सहकाऱ्याचे प्रशिक्षण रोखणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. मूळ दोष, यादी न ठरवताच विलीनीकरण उरकणाऱ्या सरकारचा. संघटनांचा दोष एवढाच की, त्या दोषाचे उत्तर त्यांनी एकमेकींकडे मागितले.

१९७२ साली शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने जमीन गमावलेला आदिवासी, सालदार व रोजंदार मजूर यांचे प्रश्न एकत्र मांडले. त्यांची दुःखे एकसारखी नव्हती. लढा एक होता.

२०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. विलीनीकरणे यापुढेही होतील. संयुक्त ज्येष्ठता यादी आधी, विलीनीकरण नंतर, ही मागणी दोन्हीकडच्या कामगारांनी एकमुखाने केली पाहिजे. यादी मालकाच्या हाती सोडली, तर ती दुहीचे हत्यार होते.